फाटलेलं अस्तर

सगळे त्याला सपाटमामा म्हणत. कचरा डेपोवर बुलडोझर चालवायला लागून त्याला अठरा वर्षं झाली होती. गाड्या रिकाम्या झाल्या की कचरा दाबायचा, वर माती ओढायची. "अख्खं शहर माझ्या हाताखालून जातं," असं तो ऐटीत सांगायचा.

सात वर्षांपूर्वी नवा खड्डा भरताना बुलडोझरचं पातं तळाच्या प्लॅस्टिकच्या अस्तरात अडकलं आणि ते टराटरा फाटलं. कचऱ्याचं काळं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून ते अंथरलेलं होतं. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं.

"टाक माती. कोण बघायला येतंय?"

सपाटमामाने मुकाट्याने माती ओढली.

डेपोच्या उताराखाली त्याच्या धाकट्या बहिणीचं घर. आईही तिच्याकडेच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीचं पाणी पिवळट झालं, मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या.

"दादा, तू तिथेच असतोस. डेपोचं तर नाही ना हे?"

"छे गं. जमिनीतलं लोखंड असेल. उकळून घेत जा."

तेव्हापासून तिच्याकडे गेला की तो म्हणायचा, "पाणी नको, आत्ताच पिऊन आलो."

एका दुपारी आईच पेला घेऊन पुढे आली. "उन्हातून आलास, घोटभर तरी घे." तिचे हात पुरळाने भरले होते. त्याने पेला खाली ठेवला आणि बहिणीला सगळं सांगून टाकलं.

तिने पेला उचलून मोरीत ओतला. मग म्हणाली, "तू पीत नव्हतास. म्हणजे तुला माहीत होतं."



दुसऱ्या दिवशी तीच त्याला पालिकेच्या कार्यालयात घेऊन गेली. साहेबांसमोर तो अडखळला. "पुढचंही सांग," ती म्हणाली. त्याने सांगितलं, लिहून सही केली.

तपासणी झाली. उताराखालच्या नऊ विहिरी बंद झाल्या, टँकर सुरू झाला. अस्तर मात्र सांधता येईना; त्यावर चार मजल्यांएवढा कचरा चढला होता. मुकादम कधीच निवृत्त झालेला. सपाटमामाला बुलडोझरवरून उतरवून फाटकावर बसवलं. एकदाच वापरलेले पेले, नव्यासारखे पंखे, न उघडलेली खोकी घेऊन गाड्या त्याच्यासमोरून आत जात राहिल्या.

आईचे हात हळूहळू बरे झाले. तो दर आठवड्याला तिला भेटायला जातो, उंबऱ्याबाहेर उभा राहूनच विचारपूस करतो. आत ये, असं बहीण अजून म्हणालेली नाही.