हेड दोन हात जास्त घासलं

"रॉकेल! वास घ्या, साहेब," म्हणत शेठनं पेट्रोलनं भिजलेला रुमाल माझ्या नाकाखाली धरला. मला पेट्रोलचाच वास आला.

शेठची जालन्यात कापसातली सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी होती आणि माझं गॅरेज. त्यांनी हैदराबादहून जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार आणली होती. दोन सीटची, उघडी, लाल. गावात तसली एकच, त्यामुळे शेठचा तोरा गाडीपेक्षा जास्त. गेले काही दिवस ती चढावर ठोके मारत होती. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. पेट्रोल नुकतंच भयंकर महागलं होतं. टाकीतलं पेट्रोल विकून वर रॉकेल भरणारे ड्रायव्हर त्या काळी थोडेथोडके नव्हते. शेठनं फॅक्टरीच्या आवारात, सगळ्या कामगारांसमोर, आपला ड्रायव्हर उत्तम साळवे याला चोर म्हणून हाकललं होतं.

उत्तम भोकरदनचा. तो गॅरेजच्या दारात उभा होता. आत यायला तयार नव्हता.

"साहेब, म्या थेंब टाकला न्हाई. पण चोर ठरल्यावर दुसरा कोण गाडी देईल हातात?"

शेठचा संशय अगदीच हवेतला नव्हता. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र दाबतात, मग ठिणगी देतात. किती पट दाबायचं, तो कॉम्प्रेशन रेशो. अवेळी न पेटता तो दाब सोसायची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. ताकद कमी पडली की पेट्रोल आपणहून पेटतं आणि ठोका बसतो. रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतं, हे खरं. पण कॉम्प्रेशन वाढलं तरी ठोका तोच बसतो.

मी टाकीतलं पेट्रोल टीपकागदावर टाकलं. ते उडून गेलं. रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता.

"जायच्या आधी चांगलं टाकलं असंल त्यानं," शेठ म्हणाले.

मग टाकी रिकामी केली. शेठ स्वतः पंपावर उभे राहिले, स्वतःच्या हातानं भरून आणलं. अंबड रोडच्या चढावर मी गाडी नेली, शेठ शेजारी. खडखड सुरू झाली. म्हणजे रॉकेलचा प्रश्नच नव्हता.

इंजिन खोललं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. झाकणातला खळगा पार उथळ झाला होता. तेवढंच मिश्रण आता कमी जागेत कोंबलं जात होतं.

"हेड कोणी घासलं?"

"आमच्याच फिटरनं," शेठ म्हणाले. "गाडी गरम झाल्ती, हेड वाकलं, त्यानं घासून सपाट केलं. म्याच म्हणलं, अजून दोन हात मार. जिनिंगचे रूळ घासले की कसे बराबर चालतात!"

"शेठ, हा रूळ न्हाई. तुम्ही कॉम्प्रेशन वाढवून ठेवलंय. त्याला वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, आणि आपल्या पंपावर साधंच मिळतं."

"मंग उत्तमनं..."

"उत्तमनं काहीच केलं न्हाई."

मला मनापासून बरं वाटलं, हे लपवत नाही. औरंगाबादहून तांब्याचं जाड गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडरमधला पत्रा, करून आणलं, हेडखाली बसवलं. जागा वाढली, दाब उतरला. गाडीचा जोर थोडा गेला, ठोके पूर्ण गेले.

शेठ खूश. उत्तमला म्हणाले, "झालं गेलं सोड. उद्यापास्नं ये."

"येतो की," उत्तम म्हणाला. "पण जिथं चोर म्हणले, तिथंच सांगा."

शेठचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना त्यांनी कामगारांना थांबवलं आणि सांगितलं, हेड म्या घासायला लावलं, उत्तमनं रॉकेल टाकलं न्हाई. बोलले पुटपुटल्यासारखं. मागच्यांना ऐकू गेलं नाही. उत्तमनं शांतपणे म्हटलं, "शेठ, त्या दिवशी मागच्यांनाबी ऐकू आल्तं."

शेठनं घसा खाकरला आणि पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. उत्तमनं किल्ली घेतली.

ठोका ऐकू आला की लोक आधी ड्रायव्हरकडे बघतात. तेव्हापासून मी आधी हेड खोलायला लागलो. त्यात मेहनत जास्त आहे, पण हेडची माफी मागावी लागत नाही.