उत्तराला न थांबणारे मामा

सडक अर्जुनीपासून नागऱ्यापर्यंत माझ्या मामांइतका घाईचा माणूस सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मामा प्रश्न विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत. ढाब्यावर "भाजी कोणती?" विचारतात आणि पोऱ्या तोंड उघडेपर्यंत हात धुवायला गेलेले असतात. एकदा डॉक्टरांना "मले झालं तरी काय?" असं विचारून, त्यांनी मान वर करायच्या आत मामा स्कूटरला किक मारून मोकळे. तेव्हा काय झालं होतं, ते आजही फक्त डॉक्टरांनाच ठाऊक.

तरुणपणी लग्नाच्या व्हिडिओवर नावं टाकायला त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकं वाचून त्याचा प्रोग्रामही स्वतःच लिहिला. पडद्यावर धानाची लोंबी उमलते, तिच्यातून नवरा-नवरीची नावं निघतात आणि खाली तारीख आणि चालती वेळ. तालुक्यातली कितीतरी लग्नं त्या लोंबीतून निघालीत. लॅपटॉप घ्या म्हटलं की म्हणतात, "तुझा लॅपटॉप नाव लिहिते भाच्या, माझा नाव उगवते." पण त्या कॉम्प्युटरलाही त्यांनी सुखानं राहू दिलं नाही. लोंबी सावकाश उमलते म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यात वेगवान प्रोसेसर बसवला आणि चालवून न पाहताच मशीन झाकून ठेवली.

यंदा त्यांच्या एकुलत्या एक पोरीचं लग्न निघालं. "मांडवातल्या पडद्यावर बाबांचीच लोंबी पाहिजे," तिनं सांगून टाकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मशीन सुरू केली, तर प्रोग्राम म्हणे घड्याळच नाही, आणि बंद. आतल्या घड्याळाची बॅटरी बदलली, तरी तेच. वरपक्षाचा निरोप आला, आमचा माणूस नावं लावून देईल. मामांनी मशीनचं झाकण पुन्हा उघडलं.

"घड्याळ तं चालून राहिलं, मंग हा नाही काऊन म्हणते?" ते म्हणाले.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि पदवीही कॉम्प्युटरची. मी प्रोग्राम उघडून ओळ न ओळ वाचली आणि खोड सापडली. प्रोग्राम घड्याळाला वेळ विचारायचा, थोड्या वेळानं पुन्हा विचारायचा. वेळ पुढे सरकली असेल तर घड्याळ आहे, नाहीतर नाही. मधे वेळ जावा म्हणून मामांनी मशीनला नुसते आकडे मोजायला लावले होते. जुना प्रोसेसर ते रमतगमत मोजायचा. नव्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकले. तेवढ्यात घड्याळाचा सेकंदही सरकला नव्हता.

मामी चहा घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. "विचारायचं अन् उत्तर यायच्या आत चालू पडायचं," ती म्हणाली. "त्या मशीनले कायले दोष देता? तुमच्याच वळणावर गेली."

मामा हसले. "थांबव रे त्या मशीनले जरा."

मी आकडे मोजण्याऐवजी घड्याळाचा सेकंद सरकेपर्यंत थांबायचं मशीनला शिकवलं. लोंबी उमलली.

दुसऱ्या दिवशी मांडवात पोरीचं नाव धानातून वर आलं, खाली वेळ बरोबर. वरपक्षाचा माणूस मोबाईलवर त्याचंच शूटिंग करत होता.

पाठवणीच्या वेळी मामा गाडीच्या खिडकीशी वाकले. "बेटा, सारं मनासारखं झालं ना?" विचारलं आणि सवयीनं वळले. दोन पावलं जाऊन परत आले. पोरीनं पदरात तोंड लपवलं होतं, तिला बोलता येईना. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. मामांनी दारावर हात ठेवला.

उत्तर यायला बराच वेळ लागला. तोवर मामा उभे होते.