बारा उजवे पाय

“थांबा! फादर, थांबा! त्या टोकाकडून नाही! इकडून! इकडून सुरू करा!”

हेडमास्तर ओरडत होते. पवित्र गुरुवारची संध्याकाळ, चर्च गच्च भरलेलं, आणि समोरच्या बेंचावर ओळीनं बसलेल्या बारा माणसांतला पहिला माणूस उजवा पाय उघडा टाकून ओरडत होता. आवाज असा, की त्यांनी आमच्या शाळेत हजेरी घेतली तर बडनेऱ्याच्या स्टेशनावर इंजिन ‘हजर’ म्हणायचं. पण त्या दिवशी त्या आवाजावर कोणी हसलं नाही. गुरुवारी घंटा बंद होते, लाकडाची खडखडी वाजते. ती नुकतीच वाजून थांबली होती. हवा हलत नव्हती.

झालं असं, की फादर नवीन होते. दोनच महिने झाले होते येऊन. पुस्तकातून शिकलेली मराठी, कोवळा चेहरा. प्रभूनं बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर गुडघ्यावर बसून बारा माणसांचे पाय धुतात. उजवाच, डावा नाही. पायाखाली पितळेचं घंगाळ, वरून तांब्यानं पाणी. धार पायावरून घंगाळात पडते, घंगाळ पुढच्या माणसाकडे सरकतं. घंगाळ एकच. पाणी बाराही जणांचं.

म्हणून आमच्या मिशनमध्ये बेंचाची एक रीत होती. पहिले हेडमास्तर. मग कंपाउंडर, मग मास्तर लोक, मग थोडी जमीन असलेले. बारावा गरीब. गरीब असला की विधी शोभून दिसतो. पण तो शेवटी, म्हणजे सगळ्यांचं पाणी त्याच्याकडे जातं, त्याचं कोणाकडे जात नाही. जुन्या फादरना हे पाठ होतं. नव्यांना कोणी सांगितलं नाही. ते आले बाजूच्या दारानं, जे टोक जवळ दिसलं तिथे गुडघे टेकले.

त्या टोकाला माझे मामाजी बसले होते. माझे सासरे. मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायचे, जखमांच्या पट्ट्या उकळायचे, पुवाची भांडी घासायचे. बारावे. आता पहिले.

“फादर, हा माणूस दिवसभर पू धुतो!” हेडमास्तर उभे राहिले. “याच्या पायाचं पाणी माझ्या पायाखाली येणार?”

फादरना अर्धं कळलं, अर्धं नाही. मामाजींचा पाय त्यांच्या तळहातावर होता. ओला. मग हेडमास्तर मामाजींकडे वळले आणि त्यांची शुद्ध मराठी सुटली.

“ऊठ बे म्हाताऱ्या. आयकून नाई राहिला का? ऊठ!”

मी बाजूच्या दारात बादली घेऊन उभी होते. बायांना वेदीजवळ जायची मनाई, पण पाणी बायांनीच भरायचं. मला तिथून सगळं दिसत होतं. मला फादरचा हात दिसला. तो हात मामाजींच्या टाचेखाली होता. तो सुटला.

मामाजी उठले. एक पाय ओला, एक कोरडा. मधल्या वाटेनं बाहेर गेले. फरशीवर उजव्या पायाचे ठसे तेवढे उमटत गेले, एका पायाचा माणूस चालत गेल्यासारखे. दोनशे माणसं बसली होती. एकाचंही बूड हललं नाही.

फादर माझ्याकडे बघून म्हणाले, “पाणी बदला, बाई.”

मी बदललं.

मला गावात गप्पाडी म्हणतात. मी सांगते, आमच्याकडचं ऊन असं की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते. मी सांगते, माझ्या आज्यानं दर्यापूरच्या बाजारात वाघाला बैल म्हणून विकलं आणि घेणाऱ्यानं त्याला नांगराला जुंपलंही. माझं अर्धं बोलणं असं आहे, लोकांना माहीत आहे. पण या गोष्टीत मला एक खोटं घालता आलं असतं तर मी हे घातलं असतं: मी ते पाणी फेकलं नाही. तेवढं मात्र घालता येत नाही. मी घंगाळ उचललं, मागच्या पेरूच्या झाडाखाली रिकामं केलं, विसळलं, तीनदा विसळलं, आणि ताजं पाणी भरून आणून दिलं. याच हातांनी.

मग फादरनी हेडमास्तरांच्या टोकाकडून सुरू केलं. मग प्रवचन. मोठं व्हायचं असेल त्यानं सर्वांचा सेवक व्हावं, असं. लोक माना हलवत होते. हेडमास्तर सगळ्यात जास्त.

घरी आले तर मामाजी उंबऱ्यावर बसलेले. पाय केव्हाच वाळला होता, तरी तो पुढे धरून ठेवलेला, खाली टेकवत नव्हते.

“मामाजी, जेवता ना जी?”

 पायाकडे बघत म्हणाले, “त्या पोराचा हात लई नरम होता वं. सुटला तवा समजलं.”

एवढंच. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी पट्ट्या उकळायला गेले.

आता यातली खरी गंमत सांगते. फादर जे पाय धुतात ते आधीच धुतलेले असतात. फादरच्या पांढऱ्या टॉवेलाला डाग लागू नये म्हणून सकाळी बाराही जणांना विहिरीवर बसवायचं आणि वजरीनं, म्हणजे खरखरीत दगडानं, पाय घासून लोण्यासारखे करायचे. हे काम माझं. आधी सासूचं होतं, ती गेल्यावर माझ्याकडे आलं. संध्याकाळी उजवाच धुतात, म्हणून सकाळी मीही उजवाच घासायचे. अकरा प्रतिष्ठित माणसं वर्षभर डावा पाय भुताचा आणि उजवा पाय देवदूताचा घेऊन फिरत. हेडमास्तरांच्या टाचेतल्या भेगा एवढ्या, की एकदा त्यातून सरकी निघाली. दोन पानं फुटलेली. त्या वर्षी मामाजींनी मात्र मला पाय घासू दिला नव्हता. “मले हात हायेत,” म्हणाले आणि स्वतः घासला. बारांत तोच पाय सगळ्यात स्वच्छ होता.

नऊ वर्षं मी हे केलं. नऊ वर्षं तेच प्रवचन ऐकलं. आणि एकदाही डोक्यात आलं नाही, की सेवक मोठा असेल तर या अख्ख्या चर्चमध्ये मोठं कोण आहे.

ते डोक्यात घातलं माझ्या भावानं. तो दोन वर्षांआधी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. दिवाळीनंतर मला भेटायला आला. मी त्याला सगळं सांगितलं, नेहमीसारखं तिखटमीठ लावून, हसत हसत. तो हसला नाही.

“ताई, पानी कोनं फेकलं म्हनते?”

“म्या.”

“मंग हसून काहून राहिली?”

चहा तसाच ठेवून गेला तो. माझं हसू त्या दिवशी जे बसलं ते महिनोन्‌महिने उठलं नाही.

पुढलं वर्ष सरकत आलं तसं मला विहिरीकडे बघवेना. त्या गुरुवारपासून आम्ही हेडमास्तरांच्या डोळ्यांत खुपत होतो. नाताळात ते आमच्या दारावरून जाताना थांबले. आत डोकावून खोली बघितली. नवरा वारल्यावर मी आणि मामाजी, दोघंच त्या खोलीत. मिशनची खोली, मिशनचं काम. “खोल्या कामाच्या मानसाईसाठी असतात,” ते म्हणाले. दुसरं काही नाही. फेब्रुवारीत पुन्हा थांबले. नुसतं छत बघितलं, भिंत बघितली, गेले. मामाजी रात्रीचे उठून बसू लागले. बाहेर जाऊन आणखी कोणत्या दाराशी झाडू मागायचा, या वयात, हे ते बोलत नव्हते. मला ऐकू येत होतं.

गुरुवार आला. बेंचाची यादी आली. अकरा तेच. बारावा गरीब दुसरा. आणि फादरना या वेळी टोक दाखवून ठेवलेलं होतं.

सकाळी दहा वाजताच जमीन तापलेली. विहिरीच्या ओट्यावर बाराजण बसलेले. हेडमास्तरांनी धोतर वर घेतलं, उजवा पाय माझ्या मांडीसमोर ताणला.

“चाल. घे वजरी.”

“नाई.”

“काय?”

“नाई म्हटलं, जी.”

कोणी खोकलं. हेडमास्तर ओरडले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. हळू म्हणाले, “खोली कोनाची हाय, ध्यानात हाय ना?”

“हाय. सामान बांधूनच आली मी.”

मी वजरी ओट्यावर ठेवली. “वजरी हे इथं. पानी हिरीत हाय. पाय तुमचा हाय.”

 चालताना पदर दातात धरला होता. दवाखान्यात गेले. तिथे एक म्हातारी सकाळपासून बसली होती, पायाला जखम, जखमेत किडे. मामाजी तिच्यासमोर बसले होते. मी दुसरा पाट ओढला. दोघांनी मिळून तो पाय धुतला, दोन तास. डावा होता. कोणी सांगितलं नव्हतं आम्हाला. कोणी बघतही नव्हतं. तिथे बसल्याबसल्या मी ठरवलं: पाय धुवीन, जन्मभर धुवीन, पण जो दुखतो तो. दाखवायचा पाय धुणार नाही.

संध्याकाळी बादली घेऊन दारात उभी राहिले. ते काम सोडलं नव्हतं.

आणि बघते तर बाराही पाय तसेच! अकराजणांसमोर वाकून स्वतःचा पाय घासायचा म्हणजे हेडमास्तरांचा कमीपणा. हेडमास्तरांनी घासला नाही, मग दुसऱ्यानं कसा घासावा? सगळे काळ्या मातीतून चालत आलेले. फादरनी पहिल्या पायावर धार धरली आणि घंगाळात असं पाणी पडलं, की बी टाकलं असतं तर दसऱ्याला बोंड फुटलं असतं. टॉवेल काळा झाला. दुसऱ्या माणसानं घंगाळात बघून पाय मागे घेतला.



फादरनी माझ्याकडे बघितलं. “पाणी बदला, बाई.”

मी बादली खाली ठेवली. हात पदराखाली घेतले. हलले नाही.

फादर गुडघ्यावर तसेच राहिले.  मानेवरून घाम गळत होता. मग त्यांनी तेच घंगाळ दुसऱ्या पायाखाली सरकवलं. मग तिसऱ्या. बाराव्यापर्यंत नुसता चिखल होता. हेडमास्तर पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. प्रवचन त्या दिवशी झालं नाही.

शुक्रवारी सकाळी फादर आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत, उन्हातच उभे राहिले. बांधलेल्या सामानावर मामाजी बसले होते. फादरनी सामान बघितलं, मामाजींचे पाय बघितले.

“हेडमास्तर खोलीविषयी बोलले,” ते म्हणाले. “मी अजून काही ठरवलेलं नाही.”

  दूर चर्चमध्ये खडखडी वाजली. ते जायला वळले, आणि थांबले.

“पण बाई, पुढच्या वर्षी पाय कोण धुणार?”

“तुमी,” मी म्हटलं.