रेडिओला पाठवलेली कॅसेट

भडगावजवळच्या आमच्या शाळेत दुपारी रेडिओवर धडा लागायचा. रेडिओतल्या बाई प्रश्न विचारून जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "शाबास, अगदी बरोबर!" आमचं उत्तर चुकलं तरी शाबासकी ठरलेली.

एकदा माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "गुरुजी, त्या बाईसले आमनं ऐकू येस का?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मेहुण्यांचा टेपरेकॉर्डर आणला. काय समजत नाही, ते प्रत्येकानं त्यावर आपल्या बोलीत सांगितलं. कॅसेट सुतळीनं बांधून गुरुजींनी रेडिओवाल्यांना टपालानं पाठवली.

मग आम्ही रोज कान लावून बसू लागलो. आज बाई आपल्याशी बोलतील, असं वाटायचं.

दिवाळीनंतर पार्सल परत आलं. सुतळीची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती. गुरुजी खाली बघत म्हणाले, "हे धडे कधीचेच टेपवर भरून ठेवलेले असतात. तिथं आपलं ऐकायला कुणी नसतं रे."

त्या दुपारी बाईंनी प्रश्न विचारला, तेव्हा वर्गात कुणीच तोंड उघडलं नाही. माझी मैत्रीण तर पुढं गुरुजींनी विचारलं तरी गप्पच राहायची.