टँकर आला आणि भाकरी राहिली

सकाळचे सात चाळीस. लातूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर शिवकांता काचेच्या सिरिंजा उकळत होत्या. लातूर जिल्हा झाला, दारावर नवी पाटी लागली. पाणी मात्र या दुष्काळात दवाखान्यालाही टँकरचंच होतं.

तेवढ्यात रिक्षातून सिद्रामप्पांना आणलं. मोंढ्यातले डाळीचे व्यापारी, पाण्याच्या रांगेत कोसळलेले. सदरा घामाने चिंब, हाकेला ओ नाही.

"सकाळीच घेतली वाटतं," रिक्षावाला म्हणाला.

"जीभ झडो तुझी!" त्यांची बायको नागम्मा कडाडली. "लिंगायत हाव आमी, गळ्यात इष्टलिंग हाय त्यांच्या. सुपारी सुदिक खात न्हाईत!"

शिवकांता मूळच्या निलंग्याच्या, नर्सिंग शिकल्या नांदेडला. नाव विचारण्याआधी पेशंटचं कपाळ चाचपायचं आणि श्वासाचा वास घ्यायचा, ही त्यांची सवय तेव्हापासूनची. साखर फार चढली तर अंग कोरडं पडतं, श्वासाला बहुधा पिकल्या फळाचा वास येतो. इथे कसलाच वास नव्हता. कपाळ गार, ओलं.

"शुगर हाय का यांना?"

"हाव. रोज मीच सुई टोचते. आज बी टोचली."

"मग खाल्लं काय?"

"भाकरी तव्यावर होती. टँकर आला म्हणून गलका झाला, आन मालक घागर घेऊन पळाले."

रिक्षावाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. शिवकांतांनी तो बाजूला सारला. "शुद्ध नसताना तोंडात काही घालू नका. छातीत जाईल." तोवर आलेल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ग्लुकोज शिरेतून द्यायला सांगितलं.

नागम्माने सिस्टरचा हातच धरला. "अक्का, साखरेच्या माणसाला साखर? घरात गूळ कुलपात ठेवते मी!"

"आत्ता ती कमी पडली, मावशी. उशीर झाला तर माणूस हातचा जाईल. सोडा हात."

नागम्माने हात सोडला.

ग्लुकोज शिरेत गेलं, सुई निघाली, थोड्या वेळाने सिद्रामप्पांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "घागर कुठंय?"

"रांगेत. तुमच्यापेक्षा शहाणी हाय, जागा सोडली न्हाई," नागम्मा म्हणाली.

रिक्षावाला सगळ्यात मोठ्याने हसला आणि घागर आणायला गेला.

साखर पुन्हा उतरू शकते म्हणून डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. सिद्रामप्पांनी गोड चहा बायकोकडे बघत, अगदी सावकाश संपवला. निघताना शिवकांतांनी बजावलं, "भाकरी ताटात पडल्याशिवाय सुई नाही. आणि खिशात गुळाचा खडा." नागम्माने कमरेची किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली.

उद्या त्यांच्या गल्लीत टँकर सातला येणार आहे. नागम्माचा तवा सहाला चुलीवर चढेल.