टेकडीतले लांब दगड

"इथे टनेल होणार नाही. रॉक पुअर आहे," साहेब नागपूरहून फोनवर म्हणाले. "अलाइनमेंट पायथ्याकडे सरकवा."

अलाइनमेंट म्हणजे रुळांची ठरवलेली वाट. पायथ्याशी वस्ती होती. वाट सरकली की घरं जाणार. साहेबांच्या नकाशावर ते नुसते बारीक चौकोन होते.

मी भूगर्भतज्ज्ञ. नवी रेल्वेलाइन देऊळगाव राजाबाहेरच्या टेकडीखालून न्यायची होती. बोगद्याआधी आम्ही वरून बोअर मारून खडकाचे लांबट गोल तुकडे काढतो. त्यांना कोअर म्हणतात. ते ओळीने लाकडी बॉक्समध्ये मांडायचे. लांब, अखंड तुकडे जास्त असले तर खडक भक्कम. आमच्या बॉक्समध्ये बहुतेक बोटभर तुकडे होते आणि मधे रिकाम्या जागा; खडक चुरून वाहून गेला की अशा जागा राहतात. मी दुसऱ्या जागेच्या बोअरवरून परतले आणि समोर दिसलं त्याचेच फोटो साहेबांना पाठवले.

ड्रिलिंगवाले सलीमभाई भडकले. "म्याडम, दगड एकदम सॉलिड होता. माह्या मशीनचा घाम निघाला. मंग बॉक्समधी चुराच काऊन दिसून राह्यला?"

मलाही तेच कोडं पडलं होतं. वर ठणठणीत काळा पाषाण आणि खाली एकदम इतका कच्चा? पटत नव्हतं.

दुपारी वत्सलाबाईंकडे जेवायला गेले. वस्तीतलं पहिलं घर त्यांचं. आमच्या माणसांना पाणी-चहा त्याच द्यायच्या. त्या पाट्यावर ठेचा वाटत होत्या. माझं लक्ष वरवंट्याकडे गेलं. काळा, गुळगुळीत, दोन्हीकडे सारखा गोल. टोकाला लाल रंगाचा अर्धा बाण. असे बाण कोअरवर आम्हीच काढतो.

"वत्सलाबाई, हा कुठून आणला?"

"तुमच्या खोक्यातला. उघड्यावर पडून होते, म्हटलं टाकूनच देसान. साऱ्या गल्लीनं नेले."

"लांब लांब निवडून?"

"मंग? बारके घेऊन काय करता?"

मला हसू फुटलं, मग साहेबांचा नकाशा आठवला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचा हात पाट्यावरच थांबला.

"म्हंजे म्याच माह्या घरावर रेल्वे आणून राह्यले होते?"

"हाव."

थोड्या वेळात अंगणात वरवंट्यांची रांग लागली. कुणाला हळद, कुणाला मिरची. मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले,

"मिरची लागलेलं सँपल वर पाठवू मी? कोणता तुकडा किती खोलीचा, सांगता येईल?"

नव्हतं येत. खुणा धुऊन गेल्या होत्या. साहेब बरोबर होते, त्याचाच राग आला.

"सर, शेजारीच एक नवा बोअर मारू द्या."

"पुन्हा चुराच निघाला तर?"

"तर अलाइनमेंट सरकवा म्हणून मीच लिहून देते."

वत्सलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि शेजारणींना हाका मारल्या.

नवा बोअर सुरू झाला तशा वस्तीतल्या बायका आळीपाळीने बॉक्सशी येऊन बसल्या. खडासुद्धा हलू दिला नाही. पहिला लांब, अखंड तुकडा निघाला तेव्हा सलीमभाईंनी तो मुलासारखा दोन्ही हातांवर धरला. पुढचेही तसेच निघाले. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

बोगदा टेकडीखालीच राहिला आणि वस्ती जागेवर. जुने दगड आता आमच्या कामाचे नव्हते, ते वाटून टाकले. वत्सलाबाईंच्या हातात दिलेला पहिला दगड त्यांनी परत केला. "हा माहा नाही. माह्याले बाण होता."

तेव्हापासून रॉक पुअर दिसला की रिपोर्ट लिहिण्याआधी मी जवळच्या घरी ठेचा मागते.