ॲम्ब्युलन्सची टाकी

मी एकोणीस वर्षं फौजेत व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता मुरबाडला गॅरेज आहे. कल्याणला जाणाऱ्या जुन्या जीपांच्या टाक्यांतला गंज मी काढतो. टाकी साफ झाली की पाण्यानं भरून एक अख्खा दिवस ठेवतो, गळते का बघायला. गिऱ्हाईक वैतागतं. "दादा, धंद्याचा टाइम हाय, आजच द्या." देत नाही. का, ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा आमचं वर्कशॉप उत्तरेला डोंगरात होतं. मी नायक होतो. बुधवारी इन्स्पेक्शन होतं. सोमवारी सकाळी आठला सुभेदारसाहेबांनी जुन्या ॲम्ब्युलन्सकडे बोट केलं.

"टाकी अंदर से चमकनी चाहिए."

मी टाकी उतरवली. आत नदीची खडी आणि सोड्याचं पाणी घातलं. दोघांनी धरून तासभर हलवली. दुपारपर्यंत टाकी चमकली, पण खालच्या जोडावर ओल दिसली. पत्रा आतून खाल्लेला होता. गंजाच्या पापुद्र्यानंच तो तग धरून होता, आणि तो पापुद्रा मी घासून काढला होता.

साहेबांना सांगितलं, वेल्डिंग लागेल, दोन दिवस जातील.

"साबुन लगा. बाद में देखेंगे."

कपड्याचा साबण जोडावर घासला, वर काळा रंग मारला. गळती थांबली. इन्स्पेक्शन पास झालं. नंतर कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला लान्स नायक किसन पेशंट घेऊन निघाला. किसन आमच्या शहापूरकडचा, सापगावचा. मला दादा म्हणायचा. गाडीचा गेज बंद होता, म्हणून त्यानं टाकीत काठी घालून डिझेल पाहिलं. काठोकाठ होतं. साबणाचं मी त्याला सांगितलं नाही.

नऊ चाळीसला रेडिओ वाजला. सेटवर सुभेदारसाहेब होते, शेजारी मी.

"गाडी बंद. डिझेल खतम. ओव्हर."

"चेक करके नहीं निकला? ओव्हर."

"टंकी फुल थी, साब. ओव्हर."

"झूठ मत बोल. अगली पोस्ट तीन किलोमीटर. पैदल जा, जेरीकॅन भर के ला. आउट."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तोंड उघडायला तीच वेळ होती.

किसन डिझेल घेऊन परत येत असताना दरड कोसळली. पेशंटला दुसऱ्या गाडीनं नेलं, तो वाचला. किसन संध्याकाळी पाचला सापडला.

चौकशीच्या कागदावर लिहिलं, ड्रायव्हरने निघण्यापूर्वी इंधन तपासले नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढच्या वर्षी मला बाहीवर तिसरी फीत मिळाली, हवालदार झालो. थू त्या फितीवर. किसनच्या अंत्यविधीसाठी मी रजासुद्धा मागितली नव्हती.

गेल्या महिन्यात एक जण जीपची टाकी घेऊन आला. नाव दत्तू, गाव सापगाव. तोंडवळा किसनचाच. त्याचा धाकटा भाऊ.

"नीट बघा दादा. माझा भाव मिलिट्रीत डिझेल न बघता निघला नि जीवानिशी गेला."

मला पुढे ऐकवेना. मी पाना खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. साबण, रंग, रेडिओ, सही. तो मला मारेल असं वाटलं. मारता तर बरं झालं असतं.

"ह्ये आयला सांगा," तो म्हणाला. "चला."

सापगावला त्याच्या आईसमोर मी उभ्यानंच बोललो. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"त्याचा बाप मरंस्तवर बोलायचा, आपलाच पोरगा बेफिकीर," ती म्हणाली. "भितीवर त्याचा फोटू लावू दिला नाय. तू येवढी वर्सं कुठं व्हतास रे?"

"मुरबाडला."

"मुरबाड तं हितंच हाय," म्हातारी म्हणाली, आणि किसनचा फोटो ट्रंकेतून काढायला आत गेली.